रात्री बारा वाजता, नारामधल्या बंद दारापुढे

दिवस पहिला : फर्दापूर ते मुंबई

अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापुरात आमचं घर आहे. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढल्या, त्याला आता चौदा वर्षं झाली. लेणी बघायला येणारे लोक तिथे उतरतात. नोकरमाणूस नाही. मी आणि सौ., आम्ही दोघंच सगळं बघतो, शिवाय कपाशी-मक्याची शेती. ऑक्टोबर ते मार्च दम खायला सवड नसते. मे महिन्यात मात्र लेण्यांचा कातळ तापतो, पाहुणे आटतात आणि पेरणीलाही अवकाश असतो. म्हणून जपानला जायचं ते मेमध्येच, असं ठरलं. त्यांचा मोठ्या सुट्ट्यांचा आठवडा मेच्या सुरुवातीला संपतो. तो जाऊ दिला आणि निघालो.

जपानच का, असं गावात पुष्कळांनी विचारलं. आमच्याकडे जपानी माणसं पूर्वीपासून येतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे हात जोडून, बराच वेळ न बोलता उभी राहतात. लेण्यांच्या जतनाला, इकडच्या रस्त्यांना आणि संभाजीनगरच्या विमानतळाला जपानचं कर्ज मिळालं होतं, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमचं कारण एका पाहुण्याचं होतं. निवृत्त शिक्षक होते, सत्तरीतले. त्यांनी मला सांगितलं होतं, की नाराजवळ होर्यूजी नावाचं देऊळ आहे, तिथल्या भिंतींवर तुमच्या पद्मपाणीचा भाऊ होता.

ते गुरुजी आमच्याकडे रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आले होते. त्या वर्षी संभाजीनगर-जळगाव रस्ता उखडून ठेवलेला होता. शंभर किलोमीटरला कधी चार तास, कधी पाच. सिल्लोड ओलांडलं की ट्रकांची रांग, पुढे अजिंठ्याचा घाट. त्यांचा काही दोष नव्हता. तरी मी दार उघडलं ते कपाळाला आठी घालून. पासपोर्ट घेतला, किल्ली दिली आणि आत येऊन पडलो. त्यांना चहा करून दिला तो हिने. हे सगळं आता लिहितोय, कारण दुसऱ्याच दिवशी मला ते फार आठवणार होतं.

जपानच्या व्हिसासाठी कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, हे तारीखवार लिहून द्यावं लागतं, पत्त्यासकट आणि फोन नंबरासकट. ते कोष्टक पुण्याच्या मुलीनं केलं, बुकिंगंही तिनेच केली. आदल्या दिवशीच संभाजीनगरला मेहुणीकडे जेवलो आणि रात्री देवगिरी एक्सप्रेस पकडली. हिच्या पिशवीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडूंचा डबा. ही माळकरी आहे. माहेर पैठण तालुक्यातलं, नाथषष्ठी चुकवत नाही. परदेशात हिच्या जेवणाचं काय, याची मला काळजी होती. रात्री दाराबाहेर उभं राहावं लागेल, हे मात्र डोक्यातही आलं नव्हतं.

दिवस दुसरा : बँकॉक, कान्साई, नारा

मुंबईहून बँकॉक, तिथून ओसाकाजवळचं कान्साई विमानतळ. कागदावर दुपारी पावणेचारला उतरायचं होतं. बँकॉकला पुढचं विमान चार तास रखडलं. कारण कुणी धड सांगेना, वेळ तेवढी पुढे सरकत होती. विमानतळाच्या वायफायवरून मुलीला कळवलं. तिने लगेच बुकिंगच्या संकेतस्थळावरून नाराच्या घरमालकीणबाईंना निरोप टाकला : आईबाबा उशिरा पोचतील. तिला वाटलं, काम झालं. आम्हालाही तसंच वाटलं.

नाराचं घर म्हणजे मिन्शुकु. आपल्याकडच्या घरगुती लॉजसारखं, घरातल्याच दोन-तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. बुकिंगच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं : दुपारी तीन ते रात्री दहा या वेळेत यावं.

पावणेआठला उतरलो. बोटांचे ठसे, फोटो, कस्टम, हे सगळं होईतो सव्वानऊ. तिकीट काढण्यात आणि फलाट शोधण्यात आणखी वेळ गेला. तेन्नोजीला गाडी बदलून नारा स्टेशनात उतरलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. एवढं मोठं स्टेशन, पण बाहेर शुकशुकाट. नारामाची हा जुना भाग तिथून पायी वीस मिनिटं. अरुंद गल्ल्या, लाकडी जाळ्यांची बैठी-दुमजली घरं, वळचणीला लाल कापडाची माकडं टांगलेली. ती माकडं घरावरचं संकट स्वतःवर घेतात, असं तिथे मानतात. ही म्हणाली, "आपल्याकडच्या काळ्या बाहुलीसारखंच की." सुटकेसच्या चाकांचा खडखडाट त्या गल्लीत एवढा घुमत होता, की शेवटी मी ती उचलूनच घेतली.

घर सापडलं. दार बंद. दिवा नाही.

घंटेचं बटण दाबलं. आत टिंगटाँग झालेलं आम्हाला बाहेर ऐकू आलं, पण कुणी हललं नाही. पुन्हा दाबलं, पाच मिनिटं थांबून पुन्हा. हाक मारायची तर शेजारपाजारची झोपलेली. फोन करायला गेलो तर लागेना. प्रवासासाठी आम्ही ई-सिम घेतलं होतं. ते नुसतं इंटरनेटचं असतं, त्यावरून साधा फोन करता येत नाही, हे मला त्या दाराशी समजलं. घराचा नंबर लँडलाइनचा, म्हणजे व्हॉट्सॲपही नाही. मुलीला व्हॉट्सॲपवर उठवलं. उठवलं असं नाही, जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, पुण्यात तेव्हा सव्वाआठ वाजले होते. ती तिकडून फोन लावत राहिली आणि दर वेळी "हा क्रमांक अस्तित्वात नाही". चूक मग कळली. जपानमधल्या नंबराच्या सुरुवातीला शून्य असतं. बाहेरच्या देशातून लावताना अधिक एक्याऐंशी दाबलं की ते शून्य गाळायचं असतं. तिने शून्यासकट लावला होता. शून्य काढल्यावर आत फोन वाजला. तोही आम्ही बाहेर उभं राहून ऐकला. कुणी उचलला नाही.

मे असला तरी रात्री गारवा होता. ही सुटकेसवर बसली, पदर लपेटून घेतला. माझ्यावर चिडली नाही, मुलीवरही नाही. म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या बाई असतील. झोपल्या असतील. त्या तरी किती वाट बघणार?"

मग सगळं आठवलं. घाट, ट्रकांची रांग, ते गुरुजी, माझी आठी. चौदा वर्षं मी दाराच्या आतल्या बाजूला होतो. उशिरा येणाऱ्याला उशीर का झाला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझी झोप मोडली, एवढाच माझा हिशोब असायचा. आणि आम्ही मालक लोक समजतो तसा तो पाहुणा रेंगाळत, मजा करत आलेला नसतो. तोही दमून, घाबरून, नंबर लावून लावून आलेला असतो.

स्टेशनहून येताना वाटेत लाल दिव्याची एक चौकी दिसली होती. तिला तिकडे कोबान म्हणतात, गल्लीबोळातली छोटी पोलीस चौकी. हिला एकटीला सोडवेना, म्हणून दोघंही सामानासकट परत तिथवर गेलो. आत एक तरुण शिपाई. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीत मी मराठीत बोललो आणि जपानी आवाज बाहेर पडला. त्याने आधी हिला खुर्ची दिली. मग बुकिंगचा कागद घेऊन बारकाईने वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे तळाशी आणखी एक नंबर होता, मोबाइलचा. आम्ही तिघांनीही तो पाहिला नव्हता. तो बाईंच्या मुलाचा निघाला, ओसाकाला राहणाऱ्या.

संकेतस्थळावरचा निरोप जात होता तो या मुलाकडे. त्याने तो रात्री पाहिला आणि आईला कळवला. आई अकरापर्यंत दिवा लावून बसून राहिली, मग कानातलं यंत्र काढून झोपली. म्हणून घंटाही ऐकू गेली नाही, फोनही नाही. मुलाने शिपायाला सांगितलं, की मागच्या बोळात खिडकी आहे, तिच्यावर टॉर्च मारा आणि काच वाजवा.

शिपाई आमच्याबरोबर चालत आला. बोळात शिरला. थोड्या वेळाने जाळीच्या दारामागे दिवा लागला, कडी सरकली आणि आतून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. शिपायाला वाकून नमस्कार, आम्हाला वाकून नमस्कार. माफी ती मागत होती आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. पाऊण वाजला होता.

पासपोर्टबिसपोर्ट सकाळी, असा हाताने इशारा करून तिने आधी पाणी गरम केलं. हिरवा चहा, बिनसाखरेचा. हिने धपाटे काढले, बाईंना एक दिला. रात्री एक वाजता नारामध्ये चटईवर बसून आम्ही तिघं धपाटे खात होतो.

दिवस तिसरा : नारा

सकाळी बाईंनी पासपोर्ट मागून घेतले, छोट्या यंत्रावर त्यांच्या प्रती काढल्या, वहीत नाव, देश, पासपोर्ट क्रमांक लिहिला. जपानबाहेरून आलेल्या पाहुण्याची ही नोंद ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे परदेशी पाहुणा आला की 24 तासांत ठरलेला फॉर्म, पूर्वीचा सी फॉर्म, भरून कळवावा लागतो, तो मी चौदा वर्षं भरतोय, त्यामुळे ती वही मला एकदम ओळखीची वाटली. उशिराच्या पाहुण्याला "किल्ली कुंडीखाली ठेवलीय, उघडा आणि झोपा" असं सांगून मालकाला मोकळं का होता येत नाही, त्याचं उत्तर पुष्कळ देशांत या वहीत असतं. इटलीत तर 2024 च्या नोव्हेंबरात गृहमंत्रालयाने परिपत्रकच काढलं, की पाहुण्याची ओळख समोरासमोर पटवा, दाराला लावलेल्या किल्लीच्या पेट्यांवर भागवू नका. त्यावरून तिथे कोर्टकचेऱ्याही झाल्या. माणूस समोर लागतो, आणि छोट्या घरात तो माणूस एकच असतो. मोठ्या हॉटेलात रात्रपाळीचा कारकून बसतो. आमच्यासारख्यांच्या घरी रात्रपाळी म्हणजे दिवसपाळी केलेलंच माणूस.

बाईंशी भाषांतरातून पुष्कळ बोललो. मी फर्दापूरच्या खोल्यांचे फोटो दाखवले तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूरच बदलला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न : तुमच्याकडे चादरी कोण धुतं? हिने स्वतःकडे बोट दाखवलं. बाईंनी पण स्वतःकडे दाखवलं.

मग त्यांनी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. उशीर होण्याचं त्यांना काही वाटत नाही. किती उशीर, ते कळत नाही याचा त्रास होतो. "उशिरा येऊ" एवढंच कळलं की माणूस दर दहा मिनिटांनी दाराशी जातो. "साडेअकराला येऊ" असं कळलं तर तो दीड तास आडवा होतो आणि गजर लावतो. कधी पाहुणा येतच नाही, दुसरीकडे उतरतो आणि कळवतही नाही. तेव्हा अख्खी रात्र जाते, शिवाय पैशांचा वाद. अगदी हेच माझंही दुखणं. मुलीच्या निरोपात वेळ नव्हती.

दुपारी तोदाईजी या देवळात गेलो. हरणं माना वाकवून बिस्किटं मागतात, ती हजाराच्या वर आहेत. पण माझं लक्ष महाबुद्धाकडे होतं. ही प्रचंड कांस्यमूर्ती घडवल्यावर 752 मध्ये तिचे डोळे रंगवण्याचा विधी झाला आणि तो ज्याच्या हातून झाला तो भिक्षू भारतातला होता, बोधिसेन. तो 736 मध्ये जपानला पोचला. ग्योकी नावाचा भिक्षू त्याला घ्यायला नानिवाच्या बंदरावर गेला होता. नानिवा म्हणजे आजचं ओसाका, म्हणजे आम्ही उतरलो त्याच किनाऱ्याचं. जहाज नक्की कोणत्या दिवशी लागेल, हे त्या काळात कोण सांगणार? तरी घ्यायला माणूस हजर होता. मी हिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याला वारीची सवय असेल. वारीत मुक्कामाच्या गावचे लोक असेच वेशीवर उभे राहतात."

दिवस चौथा : होर्यूजी

नाराहून गाडीने बारा मिनिटं. ज्याच्यासाठी एवढं केलं ते हेच देऊळ. राजपुत्र शोतोकुच्या काळातलं, सातव्या शतकातलं, जगातल्या सगळ्यांत जुन्या लाकडी इमारतींत मोडणारं. मुख्य मंदिराच्या आत बारा भिंतींवर चित्रं होती. त्यातल्या बोधिसत्त्वाचा झुकलेला खांदा, अर्धमिटले डोळे, बोटांची ठेवण बघून कितीतरी अभ्यासकांना अजिंठा आठवला. 1949 च्या 26 जानेवारीला, त्या चित्रांच्या नकला करण्याचं काम चालू असतानाच, मंदिराला आग लागली. भिंती जळाल्या. छताचा बराच भाग दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवला होता, म्हणून तो वाचला. त्या धक्क्यानंतर जपानने 1950 मध्ये पुरातन ठेवा जपण्याचा कायदा केला. अजूनही दर 26 जानेवारीला तिथे देवळां-वाड्यांतून आग विझवण्याची कवायत होते.

आता भिंतींवर आहेत त्या 1968 मध्ये बसवलेल्या प्रतिकृती. जाळीतून, अंधुक उजेडात बघाव्या लागतात. मी बराच वेळ उभा होतो. आमच्या पद्मपाणीच्या हातात निळं कमळ आहे, ते लहानपणापासून बघतोय. तो इतक्या दूर, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने पुन्हा उतरला होता. अराई कान्पो नावाचा जपानी चित्रकार 1917-18 च्या सुमारास अजिंठ्याला येऊन आमच्या चित्रांच्या नकला करत बसला होता, आणि उतारवयात तोच या होर्यूजीच्या भिंतींच्या नकलांवर काम करत होता. त्या काळी आमच्या बाजूला उतरायची सोय ती काय असणार? रात्री तो कुणाच्या ओसरीवर पोचला असेल, कुणी दार उघडलं असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

गुरुजींच्या आठवणीने एक पोस्टकार्ड घेतलं.

दिवस पाचवा : कोयासान

सकाळी निघताना नाराच्या बाईंनी न सांगता एक काम केलं. आम्ही ज्या देवळात उतरणार होतो तिथे स्वतःच्या लँडलाइनवरून फोन लावला आणि सांगितलं : भारतातले दोघं, मांस-मासे काही चालत नाही, साडेचार-पाचच्या दरम्यान येतील. एका मालकीणबाईने दुसऱ्या मालकाला दिलेली ही वर्दी. आमच्याकडे संभाजीनगरचा एखादा लॉजवाला पाहुण्याला अजिंठ्याकडे पाठवताना असा एक फोन करील, तर कितीजणांची रात्र सुखाची जाईल!

ओजी, हाशिमोतो, गोकुराकुबाशी असे गाडीचे टप्पे, मग दोरावर ओढली जाणारी डोंगररेल्वे, मग बस. शेवटच्या टप्प्यात गाड्या विरळ आहेत. एक चुकली की तास गेला. डोंगरावर आठशे मीटर उंचीवर देवळांचं गावच आहे, कूकाई या आचार्याने 816 मध्ये वसवलेलं. शंभराहून जास्त देवळं, त्यातल्या पन्नासेक देवळांत यात्रेकरूंना राहता येतं. पाचच्या आत या, हा त्यांचा नियम. साडेपाचला जेवण, रात्री नऊला दरवाजा बंद, पहाटे पूजा. भिक्षू पहाटेच्या आधी उठतात, ते रात्री अकराला कुणासाठी कडी काढणार?

आम्ही पावणेपाचला पोचलो. जेवण बघून हिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊसूत चौकोन, वाळवलेलं टोफू, रानभाज्या, भात. लाकडी चौरंगावर ताट मांडलेलं. "नैवेद्याचं पान आहे हे," ती म्हणाली.

सात वाजता दारात गडबड ऐकू आली. युरोपातलं एक तरुण जोडपं, पाठीवर पिशव्या, पावसात भिजलेलं. मधली गाडी चुकली होती. भिक्षूने त्यांना आत घेतलं, खोली दाखवली, पण स्वयंपाकघर आवरलं होतं आणि गावातली दुकानं बंद. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नाइलाज होता. जेवणाचे पैसे मात्र गेले. ही उठली, लाडूंचा डबा काढला आणि त्यांच्या खोलीच्या सरकत्या दाराशी जाऊन बसली. शेंगदाणा-गुळाचे चार लाडू आणि चटणी लावलेली दशमी. त्या मुलीचे डोळे भरून आले. ही परत येऊन एवढंच म्हणाली, "परवा आपलंही असंच होतं."

पहाटे होम झाला. तिकडे त्याला गोमा म्हणतात, आपल्या होमावरूनच. ज्वाळा, तूप नाही पण समिधा, आणि पुटपुटलेले मंत्र, ज्यात मधूनच एखादा संस्कृत शब्द ओळखू यायचा. नंतर ओकुनोइनच्या दफनभूमीत चालत गेलो. दोन लाखांहून जास्त थडगी, उंच देवदारासारख्या झाडांखाली, शेवाळलेली. एकावर एक पाच दगड रचलेल्या स्तंभांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली पाच महाभूतांची अक्षरं कोरलेली : अ, व, र, ह, ख. शेवटी कूकाईचं स्थान. तो गेला नाही, ध्यानात बसला आहे असं मानतात आणि दिवसातून दोनदा त्याला जेवण नेतात. ही तिथे बराच वेळ उभी राहिली. आळंदीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दिवस सहावा : ओसाका

संध्याकाळी डोंगर उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, म्हणून मुलीने ओसाकात बिनमाणसाची खोली घेतली होती. कितीही वाजता या, अशी. जपानने असल्या खोल्यांना परवानगी दिली आहे ती अटींवर : पाहुण्याची ओळख कॅमेऱ्यातून पटवायची, आणि गरज पडली तर माणूस थोड्या वेळात येऊ शकेल अशी व्यवस्था ठेवायची.

तळमजल्यावर एक टॅबलेट टांगलेला. त्याला पासपोर्ट दाखवा, चेहरा दाखवा, मग आकडा मिळणार, आकड्याने किल्लीची पेटी उघडणार. उजेड कमी होता, पासपोर्ट वाचला जाईना. मोबाइलची बॅटरी लावून तीनदा प्रयत्न केला. मग पडद्यावर कुठून तरी एक माणूस प्रकट झाला, इंग्रजीत दोन सूचना दिल्या आणि आकडा आला. रात्री अकराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही खोलीत होतो. खोली स्वच्छ, सगळं जागच्या जागी.

ही पलंगावर बसली, इकडेतिकडे बघितलं. "कुणाची झोप मोडली नाही, हे बरं झालं," म्हणाली. "पण पोचलो, असं सांगायचं कुणाला?"

मला दोन्हीचं पटतं. लांबच्या विमानाने जाणाऱ्यानं पहिली रात्र अशाच ठिकाणी काढावी, किंवा रात्रभर माणूस बसतो अशा स्टेशनजवळच्या हॉटेलात. विमानाचा भरवसा नसतो आणि त्याची शिक्षा म्हाताऱ्या बाईला होऊ नये. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरात उतरावं. पैसे भरायच्या आधी शेवटची वेळ विचारावी, घराचा नंबर तिथूनच लागेल अशी सोय असावी, आणि उशीर झाला तर वेळेसकट कळवावं. संकेतस्थळावर टाकलेला निरोप दाराशी बसलेल्या माणसाला पोचतोच असं नाही.

दिवस सातवा आणि पुढे

परतीचं विमान वेळेवर होतं. मुंबईहून जळगावला उतरलो. आमचा जिल्हा संभाजीनगर, पण रेल्वेला जळगावच जवळ. वाकोद मागे पडलं, अजिंठ्याचे डोंगर दिसायला लागले, तसं उन्हानं तोंड भाजायला लागलं.

घरी आल्यावर जुनं रजिस्टर काढलं. गुरुजींची नोंद माझ्याच हातची : येण्याची वेळ 1:40. त्यांचा पत्ता होता. होर्यूजीचं पोस्टकार्ड त्यावर पाठवलं. त्या रात्री मी नीट बोललो नाही, तो राग तुमच्यावर काढायला नको होता, असं इंग्रजीत लिहिलं.

मग कामाला लागलो. दाराचा दिवसाचा आणि रात्रीचा फोटो काढला, लेण्यांकडे वळणाऱ्या टी-पॉइंटवरून घरापर्यंतचे वळणांचे फोटो काढले, आणि ते बुकिंगबरोबरच पाठवायला मुलीला सांगितलं. खोलीच्या पावतीवर रात्रीचा नंबर ठळक, सगळ्यांत वर. दहानंतर येणाऱ्यासाठी डब्यात भाकरी, ठेचा आणि दही झाकून ठेवायचं. दारावर फलक लावला : उशीर होत असेल तर वेळ कळवा, आम्ही उठू.

घंटा नवीन बसवली, तारेची, घरातल्या घरात वाजणारी. विजेचं काम करणारा पोरगा तार ओढत आत आला आणि विचारलं, "काका, आतली घंटा कुठं लावू?" जुनी घंटा हिच्या उशाशी होती. इतकी वर्षं. उठायची ती, चहा टाकायची ती, मी फक्त किल्ली द्यायचो. मी त्याला माझी बाजू दाखवली.

पहिल्या पावसानंतर, जूनच्या शेवटच्या शनिवारी, नागपूरचे चौघे येणार होते. साडेअकराला पोचतो म्हणाले होते, घाटात दरड आली आणि फोन आला : आता सव्वा होईल. मी गजर लावून आडवा झालो. एक वाजून दहा मिनिटांनी उशाशी घंटा वाजली. ही कूस बदलून म्हणाली, "आले का?"

"तू झोप," म्हटलं आणि चहाचं आधण ठेवून कडी काढायला गेलो.